अंगावरून वारं गेलं, की आणखी काही?

(या वेळी हातापायांतली ताकद अचानक जाण्याबद्दलचे चार प्रश्न एकत्र घेतले आहेत. ज्यांना थांबून चालणार नव्हते, त्यांना पत्र मिळताच फोनवर कळवले आहे.)

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, बीपी आणि साखर दोन्ही आहे. परवा जेवताना उजव्या हातातला घास गळून पडला, जीभ जड झाली. वीस मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. ‘उष्णतेने झालं असेल’ म्हणून ते दवाखान्यात यायला तयार नाहीत. बळजबरी करावी का? (एक वाचक, कराड)

उत्तर : करावी, आजच. उजवा हात आणि बोलणे एकदम गेले, म्हणजे बहुधा मेंदूच्या डाव्या भागाचे रक्त काही मिनिटे अडले होते. गुठळी आपोआप विरघळली, म्हणून निभावले. याला टीआयए म्हणतात. यानंतर खरा पक्षाघात येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर आणि ईसीजी करून घ्या. ठोके अनियमित असतील तर गुठळी हृदयातूनही येते, आणि मग औषधच वेगळे लागते.

पुन्हा तसे झाले तर आधी घड्याळ बघा. वडील शेवटचे ठणठणीत कधी दिसले, ती वेळ कागदावर लिहा. झोपेतून उठल्यावर लक्षात आले, तर झोपायला गेल्याची वेळ धरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर जांघेतून नळी सरकवून गुठळी बाहेर काढतात. ते सहा तासांत करणे उत्तम, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत जमते. १०८ला फोन करा आणि जिथे सीटी स्कॅन रात्रीही चालतो, तिथेच थेट न्या. असे रुग्णालय कोणते, हे आज चौकशी करून ठेवा. पहिल्या तासांत सीटी ‘नॉर्मल’ आला म्हणून घरी परतू नका. रक्तस्राव नाही, एवढेच तो सांगतो. ताजी गुठळी त्यात बहुतेकदा दिसत नाही.

गाडी येईपर्यंत ग्लुकोमीटरवर साखर बघा. साखर फार उतरली तरी हुबेहूब असाच एका बाजूचा लुळेपणा येतो. पण तोंडाने पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नका. गिळण्याचे स्नायू ढिले असतात आणि घोट फुप्फुसात जातो. ॲस्पिरिनही नको, कारण आत रक्तस्राव असेल तर तो वाढेल. बीपी वाढलेले दिसले म्हणून जादा गोळी देऊ नका. अडलेल्या भागाला जे थोडे रक्त पोचते, ते त्या वाढलेल्या दाबावरच. लुळ्या अंगाला कबुतराच्या रक्ताने मालिश करण्याचा उपाय लोक सांगतात, त्याबद्दल एवढेच की, कबूतर शोधण्यात साडेचार तास निघून जातात.

प्रश्न : मुलगी २२ वर्षांची. दहा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते. परवा तळपायांना मुंग्या, काल जिना चढताना गुडघे वाकले, आज कंगवा धरवत नाही. बी-१२ची इंजेक्शने चालू आहेत. (एक आई, पुणे)

उत्तर : बी-१२च्या कमतरतेला एवढी घाई नसते, तिला महिने लागतात. जुलाबानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत दोन्ही पायांतून वर चढत जाणारी कमजोरी म्हणजे आधी गुलेन बॅरी सिंड्रोम, जीबीएस, धरायचा. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता परिसरात याचीच साथ होती. कॅम्पायलोबॅक्टर या जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये स्वतःच्याच नसांवर उलटतात. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही, ही मोठी खूण.

भीती पायांची नाही, श्वासाची आहे. तिला खोल श्वास घेऊन त्या एकाच श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगा. विसाच्या आत दम संपला, तर अतिदक्षता विभाग लागेल. बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नका, तो अगदी शेवटी खाली येतो. पाठीतल्या पाण्याची तपासणी पहिल्या आठवड्यात निर्दोष येऊ शकते, तेव्हा तिच्यासाठी उपचार अडवून धरू नयेत.

इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्ये) शिरेतून वजनाच्या किलोमागे ०.४ ग्रॅम, रोज एकदा, पाच दिवस देतात. म्हणजे ५० किलोच्या मुलीला एकूण १०० ग्रॅम. औषध महाग आहे; प्लाझ्मा बदलण्याचा उपचार तेवढाच गुणकारी आहे, हे विचारून घ्या. स्टेरॉइडचा यात उपयोग नाही. कमजोरी चार आठवड्यांपर्यंत वाढू शकते, पण बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात.

प्रश्न : भाऊ २८ वर्षांचा. लग्नाचे जेवण जेवून झोपला, पहाटे दोन्ही मांड्या उचलेनात. बोलणे, शुद्ध, स्पर्श सगळे ठीक. सलाईन लावले तर आणखी जड झाला. (एक वाचक, बीड)

उत्तर : सलाईन ग्लुकोजचे असणार. गोडधोड आणि भाताने इन्शुलिन वाढते आणि ते रक्तातले पोटॅशियम पेशींत ढकलते. रक्तात ते फार कमी झाले की स्नायू लुळे पडतात, आणि इथे बहुधा तेच झाले आहे. ग्लुकोजच्या बाटलीने नेमके तेच पुन्हा घडते. पोटॅशियम (३.५ ते ५ असावे) तातडीने मोजा, ईसीजी काढा. भरपाई मोजूनमापून रुग्णालयातच करतात, कारण झटका ओसरल्यावर ते उलट जास्तही होते. थायरॉइडही तपासा; तरुण पुरुषांत मूळ तिथे सापडू शकते.

एक मात्र आधी बघा. रात्री जमिनीवर झोपला होता का? पापण्या मिटतात, गिळता येत नाही, पोट दुखते? मग मण्यार चावलेली असू शकते. दाताची खूण बऱ्याचदा दिसतच नाही. प्रतिविष आणि व्हेंटिलेटर असलेले ठिकाण गाठा.

प्रश्न : खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपले, उठल्यावर मनगट वर होत नाही. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : दंडाच्या हाडालगतची नस दबली आहे. बधिरपणा अंगठ्यामागच्या भागापुरताच असेल, चेहरा-पाय ठीक असतील, तर मनगटाला आधारपट्टी लावा. सहसा सहा ते आठ आठवड्यांत उतरते. हात पांढरा, गार आणि दुखरा असेल, नाडी लागत नसेल, तर मात्र हाताची रक्तवाहिनी तुंबली आहे. शेकू नका, चोळू नका. सहा तासांच्या आत शल्यचिकित्सकाकडे पोचायला हवे.