उपग्रह, बटुग्रह आणि ग्रहगोल

मुलुंडच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : "आपला चंद्र, शनीचा टायटन, प्लुटो, सेरेस हे सगळे चेंडूसारखे गोल, मंगळाचा फोबोस मात्र बटाट्यासारखा. मग गोल चंद्र आणि प्लुटो-सेरेससारखे बटुग्रह (ड्वॉर्फ प्लॅनेट) यांना मिळून मराठीत एखादा शब्द आहे का? वर्गात 'लहान ग्रह' म्हटलं तर चालेल?"

'लहान ग्रह' नको. मुलांच्या डोक्यात लगेच लघुग्रह येतील, आणि ते तर बहुतेक वेडेवाकडे धोंडे. शिवाय लहान कुणापेक्षा? गुरूचा गॅनिमीड ५,२६८ किलोमीटर व्यासाचा आणि बुध जेमतेम ४,८८०चा. 'उपग्रह' या शब्दातला 'उप' आकार सांगतच नाही, कोण कुणाभोवती फिरतो एवढंच सांगतो. मुंबईकराला हे समजावावं लागू नये. २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसं होती आणि उपनगर जिल्ह्यात सुमारे ९४ लाख. तरी बोरिवलीचा माणूस चर्चगेटच्या गाडीत बसताना "मुंबईला जातो" असंच म्हणायचा!

'बटुग्रह' हा शब्द मला आवडतो. हिंदीतल्या 'बौना ग्रह'मध्ये खुजेपणाची टोचणी आहे. बटू म्हटलं की मुंजीतला मुलगा आठवतो, नाहीतर तीन पावलांत त्रिभुवन मापणारा वामन. २००६च्या ऑगस्टमध्ये प्रागला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लुटोला या गटात घातलं. १८०१ साली सापडलेला सेरेस आधी ग्रह, मग लघुग्रह म्हणवला गेला होता, तोही याच गटात आला. पण त्या व्याख्येत एक अट अशी की बटुग्रह कुणाचा उपग्रह नसावा. म्हणून प्लुटोपेक्षा मोठा असूनही आपला चंद्र बटुग्रह नाही.

म्हणजे एक शब्द नातं सांगतो, दुसरा दर्जा. गोलपणा कुणीच सांगत नाही. तो येतो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने : वस्तुमान पुरेसं असलं की उंचवटे आत ओढले जातात आणि पिंड गोल होतो. त्याला किलोमीटरची एकच रेघ नाही. शनीचा बर्फाळ मिमास ४०० किलोमीटरच्या आसपास असूनही गोल दिसतो, खडकाळ लघुग्रह वेस्टा पाचशेच्या वर असूनही धड गोल नाही.

इंग्रजीत अशा पिंडांना 'प्लॅनेटरी मास ऑब्जेक्ट' म्हणतात. त्याचं 'ग्रहीय वस्तुमानाची वस्तू' असं शब्दशः मराठी केलं तर वर्गात निम्मा तास जीभ सोडवण्यात जाईल. 'वाटोळा पिंड' अर्थाने अगदी बरोबर. वाटोळा हा शब्द वर्तुळाच्याच घरातला. पण "प्लुटो वाटोळा आहे" म्हटल्यावर मागच्या बाकावरून "कुणी केलं वाटोळं?" हे येणारच.

माझं मत 'ग्रहगोल' या शब्दाला. तो नवा घडवावा लागत नाही. "आकाशातले ग्रहगोल" असं आपण बोलतोच, फक्त ढोबळपणे. तोच शब्द नेमका करून घ्यावा : जो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झाला आहे, पण तारा नाही, तो ग्रहगोल. चंद्र कुठे ग्रह आहे, असा आक्षेप येईल. पंचांग उघडा, नवग्रहांत चंद्र बसलेलाच आहे. (सूर्यही आहे म्हणा, म्हणून तर 'तारा नाही' ही पुस्ती जोडली.) 'गोल'ही इथे चपातीसारखा चपटा नाही, भूगोलातला भरीव गोल आहे.

तेव्हा टायटन हा शनीचा उपग्रह आणि ग्रहगोल. प्लुटो हा बटुग्रह आणि ग्रहगोल. फोबोस नुसता उपग्रह. फळ्यावर लिहिताना एक सांभाळा : सुटा 'बटू' दीर्घ, पण समासात 'बटुग्रह' ऱ्हस्व, जसं गुरू आणि गुरुवार.