चौघींच्या कादंबरीत पाचवी कुठे आहे?

प्रिय ताई,

मी सांगलीत राहते, वय साठ. १९८३ ते १९८६ अशी तीन वर्षं आम्ही पाचजणी इथल्या एका हॉस्टेलवर एका खोलीत होतो. पुढे एक कोल्हापूरला गेली, एक रत्नागिरीला, एक मुलाकडे न्यू जर्सीला असते, एक पुण्याला बँकेत लागली. मी इथेच. तरी दर संक्रांतीनंतरचे दोन दिवस आम्ही एकत्र काढतो. पुण्याची मैत्रीण निवृत्तीनंतर लिहायला लागली आणि आता तिची पहिली कादंबरी येतेय. विषय आमचीच मैत्री. छापायच्या आधी तिने सगळ्यांना वाचायला पाठवली. ताई, तिच्यात मैत्रिणी चार आहेत. मी नाही.

हरिपूरच्या रस्त्यावर पंक्चर झालेली सायकल आहे, पण ती रत्नागिरीवालीची. सायकल माझी होती. रेक्टरबाईंपासून लपवलेला स्टोव्ह आहे, त्यावरचं पिठलं आहे. या पुण्यावालीला टायफॉइड झाला तेव्हा नऊ रात्री मी हिच्या उशाशी बसले होते. कादंबरीत ही दुसरीच्या उशाशी बसलीय. बाकीच्या तिघी ग्रुपवर ‘रडवलंस गं’ म्हणून बदाम टाकतायत. मीही टाकला. मध्ये १९९६ ते २००० आम्हा दोघींचं बोलणं नव्हतं, पण ते कधीच मिटलं.

पुढच्या महिन्यात पुण्यात प्रकाशन आहे. तिचा फोन आला, “दीडशे माणसं येतील, तुझ्या हातचं भडंग हवं हं.” मी हो म्हणून बसले. आता चुरमुरे बघितले तरी पोटात ढवळतं. जाऊ की नको? विचारू की नको? साठीत असं रुसणं शोभतं का?

– पाचवी

पाचवीबाई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. शोभतं. आपल्या सायकलचं पंक्चर कादंबरीत आहे आणि आपण नाही, हे वाचून तुम्हाला काहीच वाटलं नसतं, तर मला तुमची जास्त काळजी वाटली असती.

माझ्याकडे एरवी येतात ती पत्रं बरोब्बर उलट असतात. ‘भाच्याने कथेत मला घातलं’, ‘जावेने दिवाळी अंकात माझं बाळंतपण काढलं’. अशा गोष्टींवरून नाती तुटतात, आणि हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. मेरी मॅकार्थी या अमेरिकन लेखिकेची ‘द ग्रुप’ नावाची कादंबरी १९६३ साली आली. व्हासर कॉलेजातून १९३३ साली बाहेर पडलेल्या आठ मैत्रिणींची गोष्ट. मॅकार्थी स्वतः त्याच कॉलेजच्या, त्याच वर्षीच्या. पुस्तक धडाधड खपलं, आणि त्यांच्याबरोबर शिकलेल्या कित्येकजणी त्यात स्वतःला ओळखून भयंकर चिडल्या. आता गंमत बघा. कादंबरी एका मैत्रिणीच्या लग्नाने सुरू होते आणि तिच्याच अंत्यविधीने संपते. ती मैत्रीण बरीचशी खुद्द मॅकार्थींवर बेतलेली. पदवी मिळाल्या मिळाल्या त्यांनीही लग्न केलं होतं. म्हणजे मैत्रिणींचे वाभाडे काढताना बाईंनी स्वतःला थेट मारूनच टाकलं. (आठ जणींमध्ये कोण कुठली हे माझ्या शेवटपर्यंत लक्षात राहिलं नाही, मी मागे जाऊन जाऊन नावं बघत होते. हा मुद्दा पुढे लागेल.)

पण तुमच्या दुखण्याला ते औषध नाही. तुमच्या दुखण्यासाठी दुसरं पुस्तक आहे, आणि ते तुमच्या हॉस्टेलवर कुणाच्या तरी ट्रंकेत नक्की असणार. शांताबाई शेळक्यांनी मराठीत आणलेलं ‘चौघीजणी’. लुइझा मे अल्कॉटचं मूळ पुस्तक १८६८ सालचं. मेग, ज्यो, बेथ, एमी या चार बहिणींची गोष्ट. लुइझा स्वतःही चार बहिणींतली दुसरी, आणि त्या चौघी तिने जवळजवळ घरातूनच उचलल्या. थोरल्या बहिणीचं लग्न आहे, धाकटीची चित्रकला आहे, अकाली गेलेली बेथ आहे.

आणि वडील? ते पहिल्या भागात जवळजवळ नाहीतच. अमेरिकेतल्या यादवी युद्धावर गेलेले आहेत. त्यांची पत्रं येतात, ते तिकडे वॉशिंग्टनला इस्पितळात आजारी पडतात, तारेमागे आई धावत जाते.

खरं काय झालं होतं? लुइझाचे वडील युद्धावर गेलेच नव्हते. गेली होती लुइझा. १८६२च्या डिसेंबरात ती वॉशिंग्टनच्या लष्करी इस्पितळात नर्स म्हणून रुजू झाली आणि काही आठवड्यांत टायफॉइडने अंथरुणाला खिळली. होय, टायफॉइडनेच. तुमचं पत्र वाचताना मी तिथेच थांबले होते. तिला घरी न्यायला कोण आलं? वडील. म्हणजे पुस्तकात तिने स्वतःचं युद्ध वडिलांना दिलं, स्वतःचं आजारपणही त्यांनाच दिलं, आणि वडिलांनी केलेली ती धावपळ आईच्या नावावर चढवली. माणूस एवढा मोठा होता तिच्या आयुष्यात. विद्वान, तत्त्वाचा, कमाईच्या नावाने शून्य, आणि घर चालायचं हिच्या लिखाणावर. तो घरात बसलेला असता तर चौघींना बोलायला जागा मिळाली नसती, असं मला आपलं वाटतं. त्याला बाहेर ठेवलं ते त्याच्यावर तिचं प्रेम नव्हतं म्हणून नव्हे.

हे ऐकून तुम्ही हुरळून जाल, ‘म्हणजे मी इतकी मोठी होते तिच्यासाठी!’ थांबा. असेलही, नसेलही. मला एवढंच दाखवायचं आहे की कोण वगळलं यापेक्षा कुणाची गोष्ट कुणाला दिली हे बघितलं की जास्त कळतं. सायकल रत्नागिरीला गेली, जाऊ दे. सायकल कुणाच्याही हाती द्या, पंक्चर होतेच. पण तिच्या उशाशी तुम्ही घालवलेल्या रात्री तिने स्वतःला घेतल्या. कादंबरीत ती आजारी पडतच नाही, ती सेवा करते. मला विचाराल तर ही कादंबरीतली सगळ्यात खाजगी जागा आहे, आणि ती दीडशे लोकांपैकी फक्त तुम्हाला वाचता येणार आहे. आपण जिच्याशी कमी पडलो तिचं चांगलं वागणं आपल्या नावावर करून घेण्यात चोरी असते, तशी लाजही असते. दोन्हीपैकी काय, ते पत्रावरून मला सांगता येणार नाही.

आता ज्या वाक्यावरून तुम्ही पळत गेलात तिथे येऊ. ‘मध्ये १९९६ ते २००० बोलणं नव्हतं, पण ते कधीच मिटलं.’ पिठल्याबद्दल लिहिलंत, चुरमुऱ्यांबद्दल लिहिलंत, आणि चार वर्षांच्या अबोल्याला एक वाक्य? त्याचं कारणही लिहिलं नाहीत. कुणी धरला होता अबोला, तेही नाही. आणि त्याआधी लिहिलंय ‘दर संक्रांतीनंतर आम्ही एकत्र’. दर? त्या चार संक्रांतींना तुम्ही गेला होतात? माझा अंदाज आहे की नव्हता. बाकीच्या भेटल्या असतील. तिळगूळ वाटला असेल, तुमचा विषय निघाला की कुणीतरी चहा टाकायला उठलं असेल. म्हणजे ‘चौघी’ हा आकडा तुमच्या मैत्रिणीने हवेतून काढलेला नाही. तिने तो चार वर्षं बघितलाय.

मिटलं म्हणता ते कसं मिटलं? माझा अनुभव सांगते, आपल्या पिढीच्या बायकांचं भांडण मिटतं म्हणजे कुणाच्या तरी घरी कार्य निघतं किंवा कुणाची तरी आई जाते. आपण जातो, पदर खोचतो, वाढायला घेतो. तेराव्याला सगळं सुरळीत. बोललेलं मात्र काहीच नसतं. तुमचंही असंच झालं असेल तर ते मिटलेलं नाही, वर झाकण बसवलेलं आहे.

तुम्ही सांगलीच्या, तुम्हाला हरिपूरची पेवं मी काय सांगायची! जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं राहायची आणि तिचं काही बिघडायचं नाही. पण उघडायची एक रीत असते. तोंड मोकळं केलं की लगेच कुणी आत उतरत नाही. आतली कोंडलेली हवा आधी जाऊ देतात. घाईने उतरलेला माणूस गुदमरतो. २००५च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं खराब झाली, तेव्हाची हळहळ तुम्ही जवळून ऐकली असेल.

तर रीत अशी ठेवा. ग्रुपवर एक अक्षर लिहू नका. कोल्हापूर-रत्नागिरीकडून चाचपणीही करायची नाही, ‘तुला काय वाटतं गं, मुद्दाम केलं असेल का’ हा फोन एकदा केलात की संध्याकाळपर्यंत न्यू जर्सीला पोचेल. प्रकाशनाच्या दिवशी तर अजिबात विषय काढू नका, त्या दिवशी तिला धड हो म्हणता येणार नाही की नाही. त्याआधी एकदा तिलाच सांगलीला बोलवा. नाही जमलं तर तुम्ही पुण्याला जा, पण एकट्या. आणि ‘मला का वगळलंस’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला माणूस उत्तर देत नाही, बचाव करतो. फक्त एवढंच विचारा, “सायकल कुणाची होती गं?”

आणि गप्प बसा. हे तुम्हाला जड जाईल. तुम्ही पोकळी दिसली की भरून काढणाऱ्या दिसता, चहा, भडंग, बदाम. या वेळी भरू नका.

ती काय म्हणेल? कदाचित म्हणेल, “अगं, मला चारच झेपल्या.” पहिल्या कादंबरीत पाच बायका एका खोलीत बोलत ठेवणं महाकठीण, आठांत माझा काय गोंधळ उडाला ते वर सांगितलंच. असं म्हणाली तर ते खरं असू शकतं हे मनात ठेवा. तुमचा अपमान त्यात नसेलही. कदाचित म्हणेल, “तुला घातलं असतं तर ती चार वर्षं घालावी लागली असती.” मग बसा दोघी. पिठलं टाका. ती सांगेल ते ऐकताना तुमची बाजू तयार ठेवू नका, कारण मला संशय आहे की त्या १९९६च्या प्रकरणात तुम्ही अगदीच निर्दोष नाही. तसं असतं तर कारण लिहिलं असतंत.

आणि कदाचित ती नुसती हसेल, म्हणेल, “साठीत काय हे, कादंबरी आहे ती!” तसं झालं तर दुखेल. पण मग निदान कळेल की चाळीस वर्षांत कोणाच्या बाजूने किती होतं. त्या परिस्थितीत प्रकाशनाला नाही गेलात तरी माझी काही हरकत नाही. पाठदुखी हे कारण सर्वांना पटतं.

एक गोष्ट मात्र करू नका. तुम्हाला नक्की कुणीतरी सांगेल, ‘तूही लिही तुझी बाजू’. उट्टं काढायला लिहिलेलं पुस्तक मी आजवर शेवटपर्यंत वाचू शकलेले नाही. पुढेमागे खरंच लिहावंसं वाटलं तर स्टोव्हपासून सुरुवात करा. रॉकेल कुठून आणायचात, ते मला फार जाणून घ्यायचंय.

राहता राहिलं भडंग. दीडशे माणसांचं करू नका. पुण्यात जयसिंगपूरचं तयार मिळतं, तिला ते मागवायला सांगा आणि बिल तिलाच भरू द्या. तुम्हाला करायचंच असेल, आणि ते सायकलच्या प्रश्नानंतर, तर एक डबा करा. लसूण जरा जास्त घालून.