डोक्यावर उभा राहणारा भाडेकरू

प्रश्न : मॅडम, आमची होडी हर्णे बंदरात असते. पावसाळ्यात ती वर ओढली की बुडाला चिकटलेले बार्नेकल, म्हणजे कवचाचे छोटे समुद्री प्राणी, खरवडायचं काम माझं. परवा मुलीने मोबाईलवर दाखवलं, बार्नेकलच्या डिंकात ‘अमायलॉइड’ असतं आणि वेड्या गायींच्या रोगातही तेच. माझे तर दरवर्षी हात कापतात. मेंदूला काही होईल का?
– एक मच्छीमार, दापोली तालुका

उत्तर : नाही होणार. मुलीने वाचलं ते मात्र खोटं नाही.

प्रथिनांच्या माळा थरावर थर चिकटून जो चिवट धागा होतो, त्याला अमायलॉइड म्हणतात. हे बांधणीचं नाव, कुठल्या एका प्रथिनाचं नव्हे. तीच गाठ तुम्ही काथ्याला मारता आणि नायलॉनलाही. म्हणून काथ्या नायलॉन होत नाही.

वेड्या गायींच्या रोगात बिघडतं ते पीआरपी नावाचं प्रथिन. वाकडं दुमडलेलं पीआरपी शेजारच्या धड पीआरपीला आपल्यासारखं वाकवतं. अशा प्रथिनाला ‘प्रायॉन’ हे नाव शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली दिलं. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांत ‘कुरू’ हा असाच मेंदूचा रोग पसरला, तो मृत आप्तांचा मेंदू खाण्याच्या प्रथेमुळे. म्हणजे माणसाचं पीआरपी माणसात गेलं. बार्नेकलकडे पीआरपी नाहीच. ते कणा असलेल्या प्राण्यांचं.

आणि हा प्राणी शिंपल्यांच्या जातीतला वाटतो ना? आहे खेकड्याचा भाऊबंद. निसर्ग-अभ्यासक जॉन व्हॉन टॉम्प्सन यांनी १८३०मध्ये त्याची पिल्लं पाहून ते ओळखलं. डार्विन तर आठ वर्षं बार्नेकलच चिरत बसले होते! पिल्लू आधी पोहतं. शेवटच्या अवस्थेत खाणंपिणं सोडून मिशांवर चालत जागा चाचपतं. पसंत पडली की डोकं टेकवून डिंक सोडतं, आणि मग जन्मभर पायांनी पाण्यातलं अन्न ओढत राहतं. तुमचा खरवडायचा पत्रा झिजतो तो पाण्याला दाद न देणाऱ्या त्या डिंकापायी.

हात मात्र जपा. मीही एकदा शहाणपणा करून अनवाणी खडकावर चढले होते. टाच आठवडाभर ठणकत होती. समुद्रातले जिवाणू असल्या जखमांत शिरतात. जाड हातमोजे घाला, जखम गोड्या पाण्याने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. जुना रंग खरवडताना नाकाला फडकं बांधा; त्यात तांबं असतं.

मुलीसाठी एखादा जिवंत बार्नेकल चिकटलेला दगड समुद्राच्या पाण्यात ठेवा. थोडं थांबलात तर झाकण उघडून पाय बाहेर येतील.