तुरुंगातल्या ओपीडीत पहिल्यांदा जाताना

एचआयव्हीचं काम आणि तेही तुरुंगात, म्हणून बिचकू नकोस. औषधाचा भाग सोपा आहे: टीएलडीची (टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्रावीर एकत्र असलेली) एक गोळी, रोज ठरल्या वेळी. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर १२ तासांनी डोल्युटेग्रावीर ५० मिलिग्रॅम आणखी द्यायचं, हे मात्र विसरू नकोस. दाटीच्या बराकीत टीबी भेटणारच.

खरी कसोटी गुप्ततेची. दारात शिपाई उभा, रजिस्टर लिहायला एखादा शिकलेला बंदी. फाइलवर लाल शाईची एक खूण केलीस तरी संध्याकाळच्या गिनतीपर्यंत सगळ्या बराकीला कळतं. मी एकदा रिपोर्ट जरा मोठ्याने सांगितला. दुसऱ्या दिवशी त्या पोराचं ताट वेगळं झालं. अजून आठवलं की जीव खातं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात संमती आणि गोपनीयता दोन्ही आहेत. कुणी रुग्णांची यादी मागितली तर तो कायदा नम्रपणे पुढे कर.

आणि जामीन! आदेश आला की माणूस गेटबाहेर, गोळ्या आतच. म्हणून पहिल्याच भेटीत विचार, गाव कुठलं, जवळचं एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र, कोणतं. ट्रान्सफरचं पत्र आधीच लिहून ठेव. गुन्हा कोणता ते विचारू नकोस, मी विचारत नाही.

बंद्याला बाहेर न्यायला पोलीस एस्कॉर्ट मिळत नाही, म्हणून व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची तपासणी, रखडते. जमेल तिथे रक्त आतच काढ, नमुना बाहेर पाठव.