पेपर माझा, नाव त्याचं

ताई,

मी सांगलीची. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात एमएस करते, दुसरं वर्ष आहे. खर्चाला हातभार म्हणून खेळाडूंच्या अभ्यास केंद्रात तासावर ट्यूटरचं काम करते. माझ्याकडे फुटबॉल संघातला (म्हणजे त्यांचा अमेरिकन फुटबॉल) एक मुलगा आहे. स्वभावाने फार चांगला, मला 'मॅम' म्हणतो. पण त्याला एक पान सलग वाचता येत नाही. आधी मी त्याची वाक्यं दुरुस्त करायचे. मग तो सांगायचा आणि मी टाइप करायचे. गेल्या सेमिस्टरला त्याचे दोन पेपर जवळजवळ मीच लिहिले. आमच्या समन्वयक बाई म्हणतात, "काहीही कर, तो खेळायला पात्र राहिला पाहिजे." हे त्या नेहमी तोंडी सांगतात, लिहून कधीच देत नाहीत. आता त्याच्या एका ऑनलाइन कोर्सची परीक्षा आहे आणि त्याने मला लॉगिनचा पासवर्ड पाठवलाय.

नाही म्हटलं तर नोकरी जाईल. तक्रार केली तर त्याची स्कॉलरशिप जाईल, कदाचित माझा व्हिसाही. बाबांनी घरावर कर्ज काढलंय. भारतात इंजिनिअरिंगला असताना आम्ही सगळेच एकमेकांची जर्नलं उतरवायचो, तेव्हा काही वाटलं नाही. मग आता झोप का लागत नाही? मी काय करू?

— 'मॅम'

प्रिय मुली,

सगळ्यात आधी, त्या पासवर्डने लॉगिन करू नकोस. "पासवर्ड मिळाला, पण तुझी परीक्षा मी देऊ शकत नाही, तू तो बदलून टाक," एवढं त्याला लिहून कळव. हे आजच कर. बाकीच्या गोष्टींना थोडा वेळ आहे.

आता व्हिसाचं. तुझी भीती खरी आहे, पण ती चुकीच्या बाजूला लागली आहे. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसमधली तासावरची नोकरी सुटली तर तुझा विद्यार्थी म्हणून असलेला दर्जा जात नाही. तो टिकतो पूर्णवेळ शिकत राहण्यावर. दुसऱ्याची परीक्षा दिल्याबद्दल तुझ्या विद्यापीठाने तुला निलंबित केलं, तर मात्र तो दर्जा जातो आणि देश सोडायची वेळ येते. म्हणजे बाबांचं कर्ज धोक्यात येतं ते तू 'हो' म्हणत राहिलीस तर. नोकरी गेल्याने पैशांची ओढाताण होईल, ती मी कमी लेखत नाही. पण त्यातून वाट काढता येते.

आणि तो मुलगा. तुझ्या पत्रात त्याच्याबद्दल माया आहे, म्हणून त्याच्यासाठीच एक हकिगत सांगते. केविन रॉस नावाचा बास्केटबॉलपटू १९७८ ते १९८२ नेब्रास्कातल्या क्रेटन विद्यापीठाकडून खेळला. चार वर्षांनी खेळायची मुदत संपली तेव्हा पदवीला लागणाऱ्या १२८ क्रेडिटपैकी ९६ जमली होती, आणि ती कसली, तर नेमबाजी आणि बास्केटबॉलचा सिद्धान्त असल्या विषयांची. भाषेची समज चौथीतल्या मुलाएवढी होती, वाचन सातवीतल्या मुलाएवढं. त्यानंतर हा उंचापुरा तरुण शिकागोतल्या एका शाळेत लहान मुलांबरोबर बाकावर बसून वाचायला शिकला. १९८९ मध्ये त्याने विद्यापीठावर दावा लावला. त्यात एक तक्रार अशी होती की माझे धडे वाचायला आणि माझे पेपर तयार करून टाइप करायला विद्यापीठाने एक सेक्रेटरी ठेवली होती. ती सेक्रेटरीही कदाचित प्रेमळ असेल. तिलाही वाटलं असेल की आपण या पोराची मदत करतोय. दाव्याचा बहुतेक भाग कोर्टाने मान्य केला नाही, शेवटी ३० हजार डॉलरवर तडजोड झाली.

ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळून थेट एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, पोचलेल्या डेक्स्टर मॅन्लीने १९८९ मध्येच सिनेटच्या समितीसमोर सांगितलं की कॉलेजची चार वर्षं काढूनही मला वाचता येत नव्हतं. तो निदान एनएफएलपर्यंत गेला. कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या १०० मुलांतली २ सुद्धा तिथवर पोचत नाहीत. अलीकडे या मुलांना पैसे मिळू लागले आहेत, २०२१ पासून जाहिरातींचे आणि २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर थेट विद्यापीठाकडूनही. ते मिळायलाच हवेत, त्यांच्या घामावर इतरांनी फार वर्षं कमावलं. पण हा पैसा गुडघा शाबूत असेपर्यंतचा. त्याच पैशाच्या करारावर सही करताना जो मुलगा पान वाचू शकत नाही, त्याला कोण काय वाचून दाखवेल याचा विचार कर.

तू सांगलीची आहेस, तालीम पाहिली असशील. वस्ताद पठ्ठ्याकडून जोर काढून घेतो, त्याच्या वाटचे जोर स्वतः मारत नाही. तुझी झोप उडाली आहे ती यामुळे, असं मला वाटतं. जर्नलांचं म्हणशील तर तेही चांगलं नव्हतंच, पण तिथे तुम्ही सगळे एका बाकावरचे होतात, आज तू माझी फाईल उतरव, उद्या मी तुझी. इथे लाखभर माणसांचं स्टेडियम आहे, टीव्हीचे करार आहेत, आणि अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर गव्हर्नर नसतो, फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा कोच असतो. एवढा मोठा डोलारा चालू राहावा म्हणून तासावर काम करणाऱ्या मुलीला लिहायला बसवलं जातं. मला याचा राग येतो.

कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेचे, खेळायला पात्र राहण्याचे नियम काय आहेत, हे तुला ठाऊक असेलच. पदवीचं ४० टक्के काम दुसऱ्या वर्षाअखेर पूर्ण हवं, ६० टक्के तिसऱ्याअखेर, ८० टक्के चौथ्याअखेर. हेतू चांगला होता, मुलं शिकावीत हा. सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादाही आहे. पण एनसीएएच्याच पाहणीत मोठ्या संघांतले फुटबॉलपटू ४० तासांहून जास्त सांगतात. वाचता न येणारा मुलगा पूर्णवेळ नोकरीएवढा खेळणार आणि वर टक्केवारी भरणार कशी? मग 'पात्र राहिला पाहिजे' हे वाक्य वरून खाली घरंगळत येतं आणि तुझ्या टेबलावर थांबतं.

ते तिथेच थांबतं, हे इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल कॅम्पसवर १९९३ ते २०११, तब्बल १८ वर्षं, एका विभागात कागदावरचे वर्ग चालले. तास नाही, प्राध्यापक नाही, शेवटी एक पेपर द्यायचा. तो तपासायची विभागाची कार्यालयीन प्रशासक, डेबोरा क्राउडर. शिक्षिका नसलेली ती बाई भरघोस ग्रेड देत राहिली. ३,१०० हून जास्त विद्यार्थी त्यातून गेले, आणि या वर्गांतल्या नोंदणीत जवळजवळ निम्मी खेळाडूंची होती. २००९ मध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा अभ्यास सल्लागारांनी फुटबॉलच्या कोचेसना एक स्लाइड दाखवली. वर्गात जायला नको, वह्या नकोत, जागं राहायलाही नको असे ते वर्ग आता राहिले नाहीत, असा तिचा मजकूर. विद्यापीठानेच करवून घेतलेल्या चौकशीच्या, २०१४ च्या वेनस्टाइन अहवालात हे सगळं आहे. आणि शिक्षा? ऑक्टोबर २०१७ मध्ये एनसीएएने सांगितलं की हे वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, तेव्हा खेळाडूंना खास फायदा दिल्याचा ठपका ठेवता येत नाही. संघांचं काहीच गेलं नाही. खेळाडूंना वाचायला शिकवणाऱ्या मेरी विलिंगहॅमने हे बाहेर आणलं होतं. तिला मात्र इतका त्रास झाला की २०१४ मध्ये तिने नोकरी सोडली. पुढच्या वर्षी विद्यापीठाने तिच्याशी ३ लाख ३५ हजार डॉलरची तडजोड केली.

मिसुरी विद्यापीठाची गोष्ट तुझ्या आणखी जवळची. तिथल्या एका ट्यूटरने २०१६ मध्ये स्वतः पुढे येऊन कबूल केलं की मी १२ खेळाडूंचं काम करून दिलं. माझ्यावर दबाव होता, असंही ती म्हणाली. वरच्यांनी तसं करायला सांगितल्याचा पुरावा चौकशीत मिळाला नाही. जानेवारी २०१९ मध्ये निकाल लागला. तीन संघांवर हंगामानंतरच्या सामन्यांची एक वर्षाची बंदी आली, आणि त्या ट्यूटरला दहा वर्षं कॉलेज खेळांच्या क्षेत्रातून जवळपास बाहेर काढलं. तुझ्या समन्वयक बाई सगळं तोंडी का सांगतात, हे यावरून कळेल.

हे तुला घाबरवायला सांगत नाही. जॅन केम्पचंही नाव सांगते. जॉर्जिया विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या या बाईने १९८१ मध्ये नापास फुटबॉलपटूंना पुढे ढकलण्याला विरोध केला आणि तिची नोकरी गेली. तिने खटला लढवला, १९८६ मध्ये जिंकला, भरपाई मिळाली, नोकरी परत मिळाली, आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. मात्र त्याआधीची वर्षं तिला फार जड गेली. ती अमेरिकन नागरिक होती, शिक्षिका होती. तू परदेशी विद्यार्थिनी आहेस. म्हणून तू शूरपणा करण्याआधी पाय रोवून उभी राहा, असं मी म्हणते.

पाय रोवायचे कसे? समन्वयक बाईंना एक साधी ईमेल लिही. आरोप नाही, राग नाही. "यापुढे मी याला विषय समजावीन, मसुद्यावर प्रश्न विचारीन, पण मजकूर लिहिणार नाही आणि परीक्षेत भाग घेणार नाही. केंद्राचे लेखी नियम मला पाठवा." बास. उत्तर आलं तर ते तुझ्याकडे राहील, नाही आलं तर तू विचारलं होतंस हे राहील. त्यांनी बोलावून तोंडी काही सांगितलं तर त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहून ठेव. तुला आलेले मेसेज पुसू नकोस.

त्या दोन पेपरांबद्दल मात्र कुणाला काही सांगण्याआधी वकिलाला भेट. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी फुकट किंवा अल्प फीमध्ये कायदेशीर सल्ला मिळतो. ते वकील विद्यापीठाविरुद्धच्या प्रकरणात पडत नाहीत असंही पुष्कळदा असतं, तसं असेल तर बाहेरच्या इमिग्रेशन वकिलाच्या एका भेटीचे पैसे खर्च कर, ते वाया जाणार नाहीत. तू लिहिलंस हे खरं आहे आणि ते कधीतरी तुलाच सांगावं लागेल. ते चौकशीत उघड होण्यापेक्षा तू आपणहून, सल्ला घेऊन, कागदपत्रांसह सांगितलेलं बरं. माफी मिळेलच असं मी म्हणणार नाही.

मग जायचं कुणाकडे? कोचकडे नाही, केंद्रातही नाही. एनसीएएच्या प्रत्येक विद्यापीठात खेळ खात्याबाहेरचा एक प्राध्यापक विद्यापीठाचा प्रतिनिधी म्हणून नेमलेला असतो, त्याचं काम नेमकं हेच. विद्यापीठात ऑम्बड्सचं, म्हणजे तटस्थपणे तक्रारी ऐकणाऱ्याचं, ऑफिस असेल तर तिथे आधी जा, ते बोलणं गुप्त ठेवतात आणि कुठल्या दारी काय होईल ते समजावून सांगतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर, फेसबुकवर, मराठी मंडळाच्या गप्पांत त्या मुलाचं नाव येता कामा नये. विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदी उघड करण्याविरुद्ध तिथे १९७४ पासून कायदा आहे, आणि कायदा नसता तरी तो मुलगा तुझ्यावर विसंबून आहे.

त्याच्याशीही बोल, आणि ते तक्रारीच्या आधी बोल. "तुझं काम मी करून देत होते, ते चुकलं, आता थांबवतेय" असं सरळ. मग त्याला विद्यापीठाच्या अपंगत्व सेवा विभागात घेऊन जा. वाचताना अक्षरं अडखळत असतील तर डिस्लेक्सियासारखं काही असू शकतं आणि ते त्याच्या शाळेत कुणी तपासलंच नसेल, कारण तो धावतो चांगला. निदान झालं तर त्याला कायद्याने परीक्षेला जादा वेळ, ऐकायची पुस्तकं, असं बरंच मिळू शकतं. तो रागावेल, घाबरेल, कदाचित तुझ्याशी बोलणं बंद करेल. या सेमिस्टरला तो न खेळता बाकावर बसेल, हेही शक्य आहे. त्याच्या स्कॉलरशिपचं काय होईल हे तुझ्या हातात नाही. तू लिहून दिलेल्या पेपरांवर ती टिकून आहे, हे मात्र त्याला कुणीतरी सांगायला हवं, आणि त्याच्या भल्यासाठी ते सांगणारी त्या केंद्रात सध्या तू एकटीच दिसतेस.

बाबांना फोन कर. नोकरी सुटू शकते हे त्यांना तुझ्याकडून कळू दे, कारणासकट. लायब्ररी, डायनिंग हॉल, एखाद्या विभागात पेपर तपासणी, या कामांसाठी आत्ताच अर्ज टाक. मिळकत थोडी कमी होईल, ती किती आणि हप्त्याचं काय करायचं, हा हिशोब दोघांनी मिळून करा.

ईमेलचा मसुदा पाठवण्याआधी मला दाखवायचा असेल तर दाखव, वाचून देईन. फक्त त्यात मुलाचं, बाईंचं आणि विद्यापीठाचं नाव घालू नकोस.

तुझी,
ताई