सापेक्षता हा गेज सिद्धांत आहे का? आधी एवढं करा

सापेक्षता म्हणजे इथे आइन्स्टाइनचा गुरुत्वाचा सिद्धांत. गेज सिद्धांत म्हणजे प्रत्येक बिंदूवर वर्णनाची पद्धत स्वतंत्रपणे बदलली तरी ज्यातलं भौतिक वास्तव बदलत नाही असा सिद्धांत. उत्तर 'बऱ्याच अंशी हो' असं आहे. पण पहिल्याच दिवशी फायबर बंडलच्या (गेज सिद्धांतांमागच्या अमूर्त भूमितीच्या) मागे लागू नका. मी लागलो होतो, सहा महिने पाण्यात गेले.

आधी विद्युतचुंबकत्व पक्कं करा: विभव म्हणजे कनेक्शन (एका बिंदूवरचं वर्णन शेजारच्या बिंदूवरच्या वर्णनाशी कसं जुळवायचं याचा नियम), क्षेत्र म्हणजे त्याची वक्रता. मग एखादा चेंडू घ्या. ध्रुवावरून एक बाण समांतर सरकवत विषुववृत्तापर्यंत आणा, तिथे ९० अंश पुढे जा आणि परत ध्रुवावर या. बाण ९० अंशांनी वळलेला असेल. गुरुत्वातली वक्रता याच जातीची.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- निर्देशक बदलणं म्हणजेच गेज, असं समजतात. कोणताही सिद्धांत कुठल्याही निर्देशकांत लिहिता येतो. त्यात विशेष काही नाही. प्रत्येक बिंदूवर स्वतंत्रपणे फिरवता येणारी लोरेंट्झ चौकट (काळाचा एक आणि अवकाशाचे तीन अक्ष) पाहा. भौतिकशास्त्रज्ञ उतियामांनी १९५६ मध्ये आणि किबल यांनी १९६१ मध्ये हीच वाट धरली.
- यांग-मिल्सशी (कणभौतिकीत वापरल्या जाणाऱ्या गेज सिद्धांताशी) तंतोतंत साम्य शोधतात. तिथल्या क्रियेत (ज्या राशीतून सिद्धांताची समीकरणं निघतात तिच्यात) वक्रतेचा वर्ग येतो, आइन्स्टाइनच्या सिद्धांतात वक्रता एकघाती. शिवाय इथे टेट्राड (वरची चौकट ठरवणारे चार सदिश) असतो, त्याला तिकडे जोडीदारच नाही. 'बऱ्याच अंशी' म्हटलं ते यासाठी.

टॉर्शनचं (कनेक्शनमधल्या पिळाचं) नंतर बघू. आधी चेंडू.