लिप बामच्या मशीनसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: घरी केलेला लिप बाम ओळखीत सगळ्यांना आवडतो. ट्यूबमागे सामानाला २२ रुपये लागतात, दुकानात ८० ला जाईल. हिवाळ्याआधी २ लाखांची एफडी मोडून ८५ हजारांचं भरायचं मशीन घेऊ का? – एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

ताई, एफडीला हात लावू नका. तुमच्या हिशोबात ट्यूबमागे ५८ रुपये सुटतात, पण दुकानदाराचे ३० टक्के धरले तर हातात ५६ च येतात. त्यातून सामानाचे २२, लेबल-पॅकिंगचे ५ आणि दहातली एक ट्यूब वाया जाते म्हणून ३ वजा करा. उरले २६. मशीनचे पैसे वसूल व्हायला जवळपास ३,२७० ट्यूब खपायला हव्यात, आणि आपल्याकडे लिप बामला खरी मागणी चारच महिने.

त्याहून मोठी अडचण परवान्याची आहे. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. त्यासाठी वेगळी जागा आणि पात्र तंत्रज्ञ हवा, स्वयंपाकघर चालत नाही. छोट्या उद्योगाला त्यातल्या त्यात सोयीचं म्हणजे ‘लोन लायसन्स’, म्हणजे परवानाधारक कारखान्यात आपला माल बनवून घेणं (नावात लोन असलं तरी कर्जाशी संबंध नाही). तो मार्ग धरला तर मशीन लागतच नाही!

तोवर विकू नका, पण पाककृती पक्की करा. २५ ट्यूबसाठी १३० ग्रॅम मिश्रण: मधमाशीचं मेण ४०, कोकम बटर ३०, खोबरेल ६०. हिवाळ्यात मेण ३२ वर आणून खोबरेल ६८ करा. खोबरेल २४ अंशांना वितळतं, कोकम बटर चाळिशीच्या आसपास. म्हणजे आपल्या मे महिन्यात कांडी उभी राहते ती फक्त मेणाच्या जोरावर. ते ६२-६४ अंशांना वितळतं. डबल बॉयलरवर (उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात) आधी मेण, मग बाकीचं. भांड्यात वाफेचा थेंबही पडू देऊ नका, पाण्याने बुरशी येते. व्हिटॅमिन ई तेल खवट होण्यापासून वाचवतं, बुरशी थांबवत नाही. मिश्रण ७० अंशांच्या आसपास ओता. फार गरम ओतलं तर थिजताना मधोमध खड्डा पडतो, तो थोडं मिश्रण राखून ठेवून भरायचा. पंख्याखाली रेंगाळत थंड केलं तर कोकम बटरचे रव्यासारखे कण होतात, म्हणून भरल्यावर १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दोन ट्यूब दुपारभर उन्हात उभ्या स्कूटीच्या डिक्कीत ठेवून बघा. टोपण उघडल्यावर कांडी कलली असेल किंवा टोपणात तेल उतरलं असेल तर मेण आणखी ४ ग्रॅम वाढवा आणि तेवढंच खोबरेल कमी करा.

या सगळ्याला ५-६ हजार पुरतील, ते बचत खात्यातून काढा. पुढे परवान्याला किंवा पहिल्या मालाला रक्कम कमी पडली तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता ती तारण ठेवून लागेल तेवढीच उचल. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा १-२ टक्के जास्त बसेल, पण वापरलेल्या रकमेवरच आणि वापरलेल्या दिवसांपुरतंच. मुदतीआधी मोडली तर मात्र पूर्ण २ लाखांवर व्याजदर घटतो आणि बहुतेक बँका वर अर्धा ते एक टक्का दंडही कापतात.